आधी किल्ली ठेवा, मग कुलूप लावा

मी साताऱ्यात घरूनच लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न्स भरते. ३१ जुलै जवळ आली की लॅपटॉपमध्ये दोन-अडीचशे लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट्स साठतात. तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात तो सुरूच होईना. दुकानातल्या पोराने झाकण उघडलं, एसएसडी (डेटा साठवणारी आतली डिस्क) काढून एका डबीत घातली, स्वतःच्या मशीनला जोडली आणि "डेटा आहे मॅडम सगळा" म्हणत माझ्या अशिलांची फोल्डर्स उघडून दाखवली. मला हायसं वाटलं. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, त्याने पासवर्ड विचारलाच नव्हता. तो विंडोज विचारतं. डिस्क दुसरीकडे लावली की विचारणारं कोणी नाही.

म्हणून डिस्कच एन्क्रिप्ट करायची, म्हणजे किल्लीशिवाय तिच्यातलं काही वाचताच येऊ नये. त्याआधी सगळ्याचा बॅकअप घ्या, मध्येच काही बिघडलं तर हाताशी असावा.

विंडोज ११ होम असेल तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधा. काही जुन्या मशीनवर ते दिसतच नाही. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं असेल तर बऱ्याचदा ते आपोआप चालू झालेलं असतं, आणि मालकाला पत्ता नसतो. विंडोज प्रो असेल तर त्यात बिटलॉकर हे एन्क्रिप्शनचं साधन असतं; 'मॅनेज बिटलॉकर' उघडून सी ड्राइव्हसमोर 'टर्न ऑन' करा. वापरलेली जागाच की पूर्ण ड्राइव्ह, असं विचारेल. मशीन जुनं असेल तर पूर्ण घ्या, कारण डिलीट केलेल्या फायलींचे अवशेष 'रिकाम्या' जागेत असू शकतात. वेळ लागतो, चार्जर लावून रात्री सोडून द्या.

आता किल्ली. अडल्या वेळी डिस्क उघडणारी रिकव्हरी की ४८ आकडी असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मदरबोर्ड बदलला, कधी बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, की विंडोज निळ्या पडद्यावर हीच मागतं. नसेल तर डेटा गेला, दुकानदारही काही करू शकत नाही. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात दिसते का बघा, शिवाय प्रिंट काढा. माझी एक प्रत एफडीच्या पावत्यांबरोबर कपाटात आहे, दुसरी कराडला बहिणीकडे. कागदावर की आयडी, म्हणजे त्या कीचा ओळख क्रमांकही हवा. घरात दोन लॅपटॉप असले की कोणती की कुणाची, हे त्यावरूनच कळतं. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र हा कागद ठेवू नका. आणि बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा.

पेनड्राइव्हलाही बिटलॉकर लावता येतं, पण होमवरून ते चालू करता येत नाही. तिथे व्हेराक्रिप्ट हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरा. त्यात एक कंटेनर फाइल, म्हणजे तिजोरीसारखी कुलूपबंद फाइल बनवायची, पासवर्ड देऊन ती माउंट केली की वेगळा ड्राइव्ह दिसतो. काम झालं की डिसमाउंट. इथला पासवर्ड विसरलात तर रिकव्हरी की वगैरे काही नसते.

मेलने पाठवायचं असेल तर सेव्हन-झिप या फायली एकत्र बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्हन-झेड फॉरमॅट निवडून पासवर्ड द्या आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करा, नाहीतर आतल्या फायलींची नावं दिसतात. पासवर्ड फोनवर सांगा. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल, हे शेजारच्या काकूंनाही सांगता येईल.

एसटीने कुठे जायचं असेल तर नुसतं झाकण मिटू नका, शटडाउन करा. स्लीपमध्ये डिस्कची किल्ली मेमरीतच असते.

एक चूक मीही केली. एन्क्रिप्ट केलेल्या ड्राइव्हवरून फाइल बाहेर कॉपी केली की ती साधीच होते. माझी बॅकअपची डिस्क वर्षभर टीव्हीखाली उघडीच पडून होती, वर 'रिटर्न्स – सर्व' अशी चिठ्ठी चिकटवलेली. आता तिलाही बिटलॉकर आहे. चिठ्ठी काढून टाकली.