रोजच्या वापरात किल्ट: नजरा, प्रश्न आणि आगाऊपणा कसा हाताळायचा

किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा कमरेभोवती गुंडाळायचा, गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा पोशाख, घालून पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्याला वाटतं, आता अख्खा रस्ता आपल्याकडे बघत राहणार. लोक बघतात, पण क्षणभर. मग पुन्हा आपापल्या फोनमध्ये डोकं घालतात. बरेचजण समोरून येताना काही दाखवत नाहीत आणि शेजारून गेल्यावर वळून बघतात. तोंडावर काही बोलणारे थोडेच, आणि त्यातले बहुतेक कुतूहलानं किंवा कौतुकानं बोलतात. खरा त्रास देणारे मोजके, आणि ते कुठे, कधी भेटणार याचाही अंदाज बांधता येतो.

मिळणारी प्रतिक्रिया बरीचशी तुमच्याच हातात असते. किल्टबरोबर अंगावर आणखी काय काय चढवलंय आणि घातल्यावर तुमचे हात काय करताहेत, या दोन गोष्टींवर ती ठरते.

जितका थाट, तितके प्रश्न

समारंभाचं प्रिन्स चार्ली जॅकेट, बो टाय, केसाळ स्पोरन (किल्टच्या पुढे कमरेला लटकवायची पिशवी), लांब नाड्यांचे ब्रोग बूट आणि पांढरे पायमोजे असा सगळा जामानिमा करून एडिंबरात आठवड्याच्या मधल्या वारी बाहेर पडलात तर पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाचं लग्न?" रॉयल माईल या तिथल्या पर्यटकांच्या रस्त्यावर असाल तर पर्यटक तुम्हाला बॅगपाईपवाला समजून शेजारी उभे राहतील. तोच किल्ट साधा शर्ट किंवा स्वेटर, चामड्याचा बिनकेसांचा स्पोरन, गडद पायमोजे आणि रोजचे बूट यांच्याबरोबर घातला की निम्मे प्रश्न गळून पडतात. स्कॉटलंडचे फुटबॉलप्रेमी, ज्यांना टार्टन आर्मी म्हणतात (टार्टन म्हणजे किल्टचं रंगीत चौकटींचं कापड), ते संघाची जर्सी, डोंगरात चालायचे बूट आणि घोट्यापर्यंत गुंडाळलेले मोजे अशा वेषात किल्ट घालतात. सामन्याच्या दिवशी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्क स्टेडियमकडे जाणाऱ्या गर्दीत त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

म्हणून कमरेच्या वर रोजचेच कपडे ठेवा. पांढरे पायमोजे टाळा. ते भाड्याच्या पोशाखाची आठवण करून देतात. मोज्यात खोचायची छोटी सुरी, स्कीअन डू, रोजच्या फेरीला घरीच राहू द्या.

रंगाचाही भाग असतो. लालभडक रॉयल स्ट्युअर्ट टार्टन लांबूनच डोळ्यांत भरतो. गडद निळा-हिरवा ब्लॅक वॉच जवळ येईपर्यंत लक्षातही येत नाही. एकरंगी काळा किल्ट सर्वांत कमी उठून दिसेल असं पुष्कळांना वाटतं, पण अनुभव उलटा आहे. टार्टनच्या चौकटी दिसल्या की बघणाऱ्याला हे काय आहे ते लगेच कळतं. काळ्या किल्टबाबत तो अंदाज बांधत राहतो आणि "हा स्कर्ट आहे का?" हा प्रश्न तिथेच जास्त येतो. सिॲटलच्या यूटिलिकिल्ट्स कंपनीमुळे माहीत झालेल्या, खिसेवाल्या जाड सुती किल्टचंही तेच. पहिला किल्ट गडद टार्टनचा घ्यावा, हा आमचा सल्ला.

"पण मी स्कॉटिश नाही" ही अडचण लोकांपेक्षा घालणाऱ्याच्याच मनात मोठी असते. कुळाचं टार्टन त्या कुळाबाहेरच्यानं घालू नये असा कायदा नाही. बाल्मोरलसारखं राजघराण्यापुरतं ठेवलेलं टार्टन सोडा, बाकी मोकळीक आहे. तरी "तुमचं कुळ कोणतं?" असं कुणी विचारलंच तर उत्तर हाताशी असावं, म्हणून आपल्या टार्टनचं नाव पाठ ठेवा. 2009 पासून चालू असलेल्या स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्समध्ये ते शोधता येतं. स्वतःच्या टार्टनचं नाव सांगता न येणारा माणूस नाटकातून उठून आल्यासारखा वाटतो.

माप चुकलं की शेरे वाढतात

जीन्सच्या लेबलवरचा आकडा सांगून किल्ट मागवू नका. किल्ट जीन्सपेक्षा बराच वर, बेंबीच्या आसपास बसतो. तिथला घेर बहुधा दोन ते चार इंच जास्त भरतो. टेप बेंबीवरून फिरवा, पोट आत न ओढता. नितंबांच्या सर्वांत रुंद भागाचं माप वेगळं घ्या. लांबी बघायला गुडघे टेकून ताठ राहा: खालची कड जमिनीपासून साधारण इंचभर वर राहिली पाहिजे. उभं राहिल्यावर ती गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर किंवा किंचित वर येते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे किल्ट पँटसारखा कमरेखाली उतरवणं. मग कड गुडघ्याखाली लोंबते, मागच्या चुण्या नितंबांवर ताणून उघडतात आणि नेमकं स्कर्टचं रूप येतं. चुण्या नेहमी मागे आणि एप्रन, म्हणजे एकावर एक येणारे दोन सपाट पदर, पुढे. वरच्या एप्रनची मोकळी कड उजव्या मांडीवर येते. किल्ट पिन फक्त वरच्या एप्रनला लावायची. दोन्ही एप्रनांतून आरपार घातली की चालताना कापड ओढलं जातं आणि पिनेपाशीच फाटतं. पायमोजे गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटं सोडून दुमडा.

कापडाचं वजन महत्त्वाचं. रोजसाठी 13 औंसाची (वारामागे वजन) लोकर ठीक, वाऱ्याच्या गावात 16 औंसाची. जड लोकर झोक्यानं उडाली तरी आपल्या वजनानं खाली येते. स्मरणवस्तूंच्या दुकानातला पातळ ॲक्रिलिकचा किल्ट वर गेला की वरच राहतो. जमिनीतल्या झरोक्यांतून आणि भुयारी स्टेशनांच्या तोंडातून येणारा वारा मात्र खालून वर येतो, तिथे 16 औंसही पुरत नाहीत. वळसा घालून जा.

बसणं, उठणं आणि हात

बाहेर पडण्याआधी घरी सराव करा. खुर्चीला पाठ करून उभे राहा. दोन्ही तळहातांनी मागच्या चुण्या वरून खाली सपाट फिरवत बसा, म्हणजे त्या मांड्यांखाली नीट दबतात. मग एप्रन दोन गुडघ्यांच्या मधे खाली सोडा आणि स्पोरन मांडीत येऊ द्या. त्याच्या वजनानं कापड जागेवर राहतं. उठल्यावर मागून एकदा हात फिरवा आणि विषय संपवा. चुण्या न सारखता धपकन बसलात तर तासाभरात त्या चुरगळतात, उघड्या मांड्या गार धातूच्या खुर्चीला टेकतात आणि तुम्ही दचकता. मग सगळे बघतात. गाडीतून उतरताना आधी अंग वळवून दोन्ही पाय एकत्र बाहेर काढा, मग उभे राहा.

हातांचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे. पारंपरिक किल्टला खिसे नसतात. सवय नसलेला माणूस दर मिनिटाला कड खाली ओढतो, चुण्या चाचपतो, आजूबाजूला कोण बघतंय ते तपासतो. हे लांबून दिसतं, आणि टवाळखोराला नेमकं हेच हवं असतं. अंगठे पट्ट्यात अडकवा किंवा पिशवीचा बंद धरा. स्पोरनमध्ये पाकीट, किल्ल्या आणि फोन तिन्ही कोंबू नका. जड स्पोरन प्रत्येक पावलाला हेलकावतो आणि हात आपोआप तिकडे जातो.

पहिली फेरी दिवसा, ओळखीच्या दुकानापर्यंत, अर्ध्या तासाची ठेवा. नंतर मित्रांबरोबर एखादं जेवण. रात्रीची दारूची गर्दी शेवटी.

तेच ते प्रश्न

"आत काय घातलंय?" हा प्रश्न टळत नाही. अनोळखी माणसानं तो विचारणं आगाऊपणाच, पण विचारणाऱ्याला आपण फार मजेशीर बोललो असं वाटत असतं. जुनं आणि अजून चालणारं उत्तर: "बूट आणि मोजे." हसून म्हणा आणि चालू लागा. खरं उत्तर देऊ नका, मग ते काहीही असो. एकदा दिलंत की पुढचा प्रश्न येतो.

खरोखर आत काय घालावं? रोजच्या वापरात अंतर्वस्त्र घाला, गडद रंगाचं. लोकर टोचते, भाड्याचे किल्ट दुसऱ्यांनीही वापरलेले असतात, आणि वाऱ्याच्या एका झोतात काही दिसलं तर तक्रार तुमच्याविरुद्ध जाते. "खरा स्कॉट काही घालत नाही" ही फुशारकी पार्टीपुरती ठीक.

"छान स्कर्ट आहे!" याला "थँक यू" पुरे. "हा स्कर्ट नाही, किल्ट आहे" असं तावातावानं समजावणं म्हणजे टोमणा लागल्याची पावती देणं. धावत्या गाडीतून कुणी ओरडलं तर मान वळवू नका. गाडी दोन सेकंदांत पुढे जाते. आपण मात्र शिवी घालायच्या नादात रस्त्याच्या मधोमध उभे राहतो.

लहान मुलं सरळ विचारतात: "तुम्ही मुलींसारखं का घातलंय?" त्यांना चिडवायचं नसतं. "स्कॉटलंडमध्ये पुरुष असं घालतात, मलाही आवडतं," एवढं सांगा. बरोबरचे आईवडील ओशाळलेले असतात, त्यांनाही सुटका मिळते.

एखादा मनापासून इतिहास विचारतो. त्याला दोन-तीन वाक्यं पुरतात: 1746 च्या कायद्यानं स्कॉटलंडमध्ये पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी झाली, 1782 मध्ये ती उठली, आणि 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरला आला तेव्हा स्वतः किल्ट घालून मिरवला. त्यानं आणखी विचारलं तरच पुढे बोला. किल्ट घालणाऱ्यांची व्याख्यानं ही प्रतिक्रियांपेक्षा मोठी डोकेदुखी ठरू शकते.

कुणी हात लावला तर

हे घडतं, मुख्यतः पबमध्ये, लग्नाच्या स्वागतसमारंभात आणि रात्री उशिरा. एप्रन उचलून बघणारे किंवा मागून चुण्या वर करणारे बहुतेक प्यायलेले असतात. पुरुषाला याचं काय वाटणार, असाही अनेकांचा समज असतो. गर्दीत भिंतीला किंवा बारच्या फळीला पाठ करून उभे राहा. एवढ्यानं बराच त्रास वाचतो.

हात आलाच तर एक पाऊल मागे या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा: "हात लावू नका." हसत म्हणू नका. हसण्यावारी नेलं की दुसरा हात येतो, आणि त्यावर आजूबाजूचेही हसतात. पुन्हा घडलं तर तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा.

कपड्यांखाली कॅमेरा धरणं स्कॉटलंडमध्ये गुन्हा आहे, आणि तो कायदा किल्टमधल्या पुरुषालाही तितकाच लागू होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2019 च्या कायद्यानं असं करणं स्वतंत्र गुन्हा ठरलं. फोन खाली झुकलेला दिसला तर बाजूला सरा, त्या माणसाचं वर्णन आणि वेळ लक्षात ठेवा, आणि पोलिसांकडे जायला संकोच करू नका.

विचारून फोटो काढणाऱ्यांना हो म्हणा, पण उभ्यानं आणि समोरून. पायऱ्यांवर किंवा बसलेले असताना नको.

बरोबरची माणसं आणि कामाची जागा

ही गोष्ट फार कमी जणांच्या ध्यानात येते: लोक तुम्हाला विचारायला बिचकतात आणि मग बायकोला, मैत्रिणीला किंवा भावाला विचारतात. "हे नेहमी असंच घालतात का?" त्यांना आधी सांगून ठेवा, आणि कुठल्या ठिकाणी घालू नये असं त्यांना वाटतं तेही ऐका. वयात येणाऱ्या मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा किल्ट घालून जाऊ नका. त्यांना दुसऱ्या दिवशी वर्गात बसायचं असतं.

ऑफिसात घालायचा असेल तर वरिष्ठांशी आधी बोला, गंमत म्हणून न मांडता. कोणता किल्ट, त्याबरोबर काय आणि कोणत्या दिवशी, हे नेमकं सांगितलं की नकार द्यायला कारण उरत नाही. इस्त्री कडक असू द्या. फिरत्या यंत्रांजवळ, वेल्डिंगच्या किंवा रसायनांच्या कामावर किल्ट नकोच. चुण्या यंत्रात अडकतात आणि गुडघे उघडे असतात.

विमानतळावर बकलं, पिन आणि स्पोरनची साखळी धातुशोधकात वाजतात. स्पोरन आणि पिन आधीच काढून ट्रेमध्ये ठेवा, साखळीऐवजी चामड्याचा पट्टा वापरा. स्कीअन डू न्यायचीच असेल तर चेक-इनच्या सामानात, केबिनमध्ये नाही. कमरेची बकलं काढता येत नाहीत, त्यामुळे हातानं तपासणी होईल असं धरून अर्धा तास आधी पोहोचा. तपासणी आडोशाला करा असं सांगता येतं. तपासणाऱ्यानं विनोद केला तर हसा, पण स्वतः करू नका.