महासंघाच्या अधिवेशनात आपल्या संघटनेचा ठराव कसा मांडावा

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातील कामगार सहसा महासंघाचा, म्हणजे अनेक कामगार संघटनांच्या एकत्रित संघटनेचा, थेट सभासद नसतो. तो आपल्या संघटनेचा सभासद असतो आणि संघटना महासंघाशी संलग्न असते. म्हणून ठराव आधी स्वतःच्या सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावा. प्रतिनिधींची संख्या बहुधा वर्गणीदार सभासदांवर ठरते आणि संलग्नता शुल्क थकल्यास मताधिकारच धोक्यात येऊ शकतो, त्यामुळे पावतीपुस्तक व सभासद नोंदवही वेळीच जुळवून पाहावी.

ठरावाची भाषा नेमकी हवी. ‘कंत्राटी कामगारांना न्याय मिळावा’ असे मोघम न लिहिता, ‘कंत्राटी कामगारांना दरमहा वेतनचिठ्ठी मिळावी यासाठी महासंघाने कामगार आयुक्तांकडे निवेदन द्यावे’ असे लिहावे. महासंघाच्या घटनेत दिलेल्या मुदतीत ठराव सरचिटणीसांकडे देऊन पोच घ्यावी.

विरोधाला घाबरू नये. १९२९ साली नागपुरातच, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील अधिवेशनात, आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) ही कामगार संघटनांची देशव्यापी संघटना फुटली आणि कामगार नेते ना. म. जोशींचा गट बाहेर पडला. मतभेद दडपण्यापेक्षा ते इतिवृत्तात नोंदवून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते. मंजूर ठरावावर कार्यकारिणीने काय केले, हे पुढील बैठकीत लेखी विचारावे.