काळ्या काचेआधीचं काम

आयटीआयचं वर्ष संपून दोन महिने झाले होते. घराला गेट हवं होतं आणि वडील गावातल्या मिस्त्रीला आगाऊ रक्कम द्यायला निघाले होते. मी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. घरात शिकलेला वेल्डर असताना बाहेर पैसे कशाला घालवायचे?

मशिन एका मित्राच्या चुलत्याकडून भाड्यानं आणलं. अंगणात चार विटा मांडल्या, त्यावर ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरच्या अँगलची (काटकोनी लोखंडी पट्टीची) चौकट ठेवली आणि पहिला कोपरा आतून-बाहेरून पूर्ण भरून टाकला. मग दुसरा, मग तिसरा, मग चौथा. वेल्डिंगची रेघ अशी सुंदर पडली होती की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. सकाळी गेटचं पाखं, म्हणजे एका बाजूचं दार, उचलून भिंतीला टेकवलं, तर तीन कोपरे भिंतीला आणि चौथा दोन बोटं अधांतरी. जोर देऊन तो दाबला की समोरचा वर यायचा. वडील काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "पतंग झालाय की रं."

आयटीआयत माझी रेघ वर्गात सगळ्यात चांगली होती. तिथं पट्ट्या कापून मिळायच्या, टेबल सपाट असायचं, माप सरांनी दिलेलं असायचं. मला फक्त जोड भरायचा असे. वेल्डिंगमधला तेवढाच भाग मला येत होता, आणि कामावर तो सगळ्यात शेवटी येतो. या लाइनीत नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी.

गेट वाकडं का झालं, ते आधी सांगतो. वितळलेलं लोखंड गार होताना आकसतं आणि आकसताना दोन्ही बाजूंना ओढतं. एक कोपरा पूर्ण भरला की तो चौकटीला आपल्याकडे खेचतो. पुढचा कोपरा आधीच हललेल्या चौकटीवर भरला जातो, आणि चूक वाढत जाते. म्हणून आधी चारही कोपऱ्यांना फक्त छोटे टाके, म्हणजे ठिपक्याएवढं वेल्डिंग, मारायचे. मग टेपनं दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. कमी-जास्त असतील तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडीनं ठोकून जुळवायचे. टाका आहे तोवर चौकट ऐकते. भरतानाही समोरासमोरचे कोपरे घ्यायचे, थोडं इकडं, थोडं तिकडं, आणि खालची जमीन पाणसळीत असली पाहिजे. माझ्या विटा नव्हत्या.

पुढं कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये लागलो. तिथं सगळे ज्यांना चाचा म्हणायचे ते मुख्य कारागीर होते. पहिले तीन महिने त्यांनी मला होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा, हातात दिला नाही. गंज घासायचा, माल उतरवायचा, मार्किंग करायचं, कटर चालवायचा. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "रॉड काय, कुणीबी जाळतंय. तू मला बरोबर कापून आण, मग बघू."

बरोबर कापून आणणं सोपं नसतं. ६ मीटरच्या नळीवर मी खडूनं एका दमात आठ खुणा केल्या आणि कापत सुटलो. प्रत्येक तुकडा तीनेक मिलिमीटर कमी भरला. कटिंग व्हीलची जाडी सुमारे ३ मिलिमीटर असते आणि प्रत्येक काप तेवढं लोखंड खातो. आठ काप म्हणजे एकूण २४ मिलिमीटर, जवळजवळ एक इंच. एक तुकडा मोजा, कापा, मग पुढचा मोजा. एकाच मापाचे वीस तुकडे हवे असतील तर मशिनला ठोकळा लावून घ्या, आणि माप कायम पहिल्या तुकड्यावरूनच घ्या. कापलेल्या तुकड्यावरून पुढचा, त्यावरून तिसरा असं करत गेलात तर विसावा भलताच निघतो. खडूची रेघही दोन-तीन मिलिमीटर जाड असते. चाचा टोकदार स्क्राइबरनं ओरखडा काढायचे.

हिशोबही इथंच शिकलो. फॅब्रिकेशनचं काम बहुतेक वेळा किलोवर ठरतं, त्यामुळे वजन काढता आलं नाही तर तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याच्या दरावर काम करता. गोल सळईला सूत्र सोपं आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२. १२ मिलिमीटर सळई म्हणजे मीटरला साधारण ८८९ ग्रॅम. १२ चा चौकोनी बार मीटरला १.१३ किलो, ४० बाय ५ चा अँगल साधारण ३ किलो. पत्र्याचं लक्षात ठेवायला सोपं: १ चौरस मीटर, १ मिलिमीटर जाड, ७.८५ किलो. आता समजा गेट दोन पाख्यांचं आहे, प्रत्येक पाखं दीड मीटर बाय दीड मीटर. घेर ६ मीटर, म्हणजे एका पाख्याला अँगलची एक अख्खी ६ मीटरची लांबी. दोन पाख्यांचे ३६ किलो. प्रत्येकात १२ उभे बार धरले तर एकूण ३६ मीटर बार, म्हणजे आणखी ४१ किलोच्या आसपास. बिजागऱ्या, कडी, आडव्या पट्ट्या वेगळ्या. आणि इथंच नवशिका फसतो: घेर बरोबर ६ मीटर, लांबीही ६ मीटर, पण काप खाल्लेलं लोखंड कुठून आणणार? चाचा गिऱ्हाइकाशी बोलतानाच माप दोन-तीन सेंटिमीटरनं कमी करून घ्यायचे आणि एक अख्खी लांबी वाचवायचे. गिऱ्हाइकाला तेवढा फरक कधी जाणवला नाही.

रॉडबद्दल थोडं. दुकानात मिळतो तो बहुतेक ६०१३. पहिल्या ६० चा अर्थ जोडाची ताकद, दर चौरस इंचाला ६० हजार पाउंड. १ म्हणजे सगळ्या पोझिशनला (आडवा, उभा, डोक्यावरचा जोड) चालतो, आणि शेवटचा आकडा रॉडवरच्या लेपाचा प्रकार सांगतो. गेट, ग्रिल, शेड यांना हा पुरतो. जाड प्लेट, ट्रॉलीची चेसी, जिथं धक्के बसतात तिथं ७०१८. पण ७०१८ ला ओल चालत नाही. लेपात पाणी राहिलं की त्यातला हायड्रोजन जोडात शिरतो, आणि जोड काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी आतून तडकतो. म्हणून तो ३०० ते ३५० अंशांच्या ओव्हनमध्ये भाजून गरमच वापरतात. कोल्हापूरच्या पावसात उघडा पुडा खिडकीत ठेवून सकाळी तोच रॉड चेसीला लावणारे मी पाहिलेत. करंट पुड्यावर छापलेला असतो, तो वाचा. २.५ मिलिमीटरच्या रॉडला ८० अँपिअरच्या आसपास सुरुवात करा, ३.१५ ला ११० च्या आसपास. पातळ चौकोनी नळीला भोक पडत असेल तर करंट थोडा कमी करा आणि हात पुढं चालवा. एकाच जागी थांबून भोक बुजवायला गेलात तर ते मोठं होतं.

डोळ्यांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण हे प्रत्येकाला एकदा होतंच. घाईत टाके मारताना आपण तोंडापुढची काळी काच वर ठेवतो, डोळे मिटतो आणि अंदाजानं टेकवतो. मी एका दुपारी असे तीसेक टाके मारले. संध्याकाळी काहीच झालं नाही. रात्री एकच्या सुमारास जाग आली ती डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखी. पाणी थांबेना, दिवा सहन होईना. शेडमध्ये यावर बटाट्याच्या चकत्या, दूध, असले उपाय चालतात. डॉक्टरांनी सांगितलं, आर्कमधल्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर भाजतो, त्रास म्हणूनच काही तासांनी सुरू होतो. एक-दोन दिवसांत भरून येतं, पण डोळ्यात दूधबिध अजिबात घालू नका. हातानं करायच्या साध्या कामाला १० किंवा ११ नंबरची काच लागते. बाजूला उभा राहून पकडणाऱ्या हेल्परलाही लागते, त्याचा विचार कुणी करत नाही.

जीआय पाइपचंही तसंच. वरचा जस्ताचा थर जळून पांढरा धूर निघतो. दिवसभर तो घेतला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला गोडसर धातूची चव. मालक गूळ वाटतात. गुळानं धूर थांबत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर ग्राइंडरनं घासून काढा, मोकळ्या हवेत बसा, वारा पाठीमागून येऊ द्या. आणि जुना डिझेलचा ड्रम किंवा टाकी ‘रिकामीच आहे’ म्हणून कुणी कापायला आणली तर नाही म्हणा. रिकाम्या टाकीतली वाफच फुटते.

घरी मशिन घ्यायचं असेल तर छोटी इन्व्हर्टर मशिनं आता परवडतात, उचलून नेता येतात. बॉक्सवर २०० अँपिअर लिहिलेलं असतं, घरची वायरिंग तेवढं ओढू देईलच असं नाही. माझा पहिला पिन स्वयंपाकघराच्या पॉइंटमध्ये वितळला, आईनं आठवडाभर ऐकवलं. मीटरपासून वेगळी जाड वायर आणि योग्य एमसीबी इलेक्ट्रिशियनकडून टाकून घ्या. एक्स्टेंशन बोर्डची वायर गुंडाळलेली ठेवून वेल्डिंग करू नका, ती आतून तापते. कपडे सुती, नायलॉनवर ठिणगी पडली की कापड कातडीला चिकटतं. ग्राइंडरचा गार्ड काढून काम करणाऱ्याच्या शेजारीही बसू नका. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो, व्हील फुटलं तर बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

आणखी एक, घाईघाईत. आठवीवर या ट्रेडला प्रवेश मिळाला म्हणून दहावी सोडू नका. दहावी असेल तर पासपोर्टवर ‘ईसीआर’चा (परदेशी नोकरीआधी सरकारी मंजुरी लागते, असा) शिक्का येत नाही, आखाती देशात जायचं ठरलं तर एक मोठी खटपट वाचते. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप मिळत असेल तर स्टायपेंड कमी म्हणून नाकारू नका. मी नाकारली होती.

ट्रॉलीच्या शेडमधून एका साखर कारखान्यात ठेकेदाराकडे गेलो. उसाचा वेल्डर म्हणजे वेगळीच जात. गाळप चालू असताना मिलच्या रोलरचे दात गुळगुळीत होतात, ऊस घसरायला लागतो. मिल थांबवणं परवडत नाही, म्हणून फिरत्या रोलरवरच रॉडनं दाणे चढवायचे, रोलर आर्किंग म्हणतात त्याला. वरून रस ठिबकतोय, खाली भुसा, समोर संथ फिरणारा लोखंडाचा डोंगर, आणि तुम्ही होल्डर घेऊन बसलेले. रेघेचं सौंदर्य कुणी विचारत नाही. दाणा पकडला की नाही, एवढंच.

बॉयलरच्या नळ्यांना हात लावायचा तर प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी परीक्षा. मी सिक्स-जी पोझिशनला बसलो: पाइप ४५ अंशांत तिरका, पक्का बांधलेला, फिरवायचा नाही, तुम्हीच त्याच्याभोवती वाकायचं. रूटला, म्हणजे जोडाच्या सगळ्यात आतल्या थराला, टिग (वायूच्या आवरणातलं वेल्डिंग), वर रॉड. कॅपिंग, म्हणजे सगळ्यात वरचा थर, बघून माझ्या मागचा पोरगा म्हणाला, "झालास पास." एक्स-रेची फिल्म आली तर खालच्या बाजूला रूट धरलाच नव्हता, बारीक काळी रेघ.

चाचांना फोन केला. हाताबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं ते दोन पाइपांमधल्या फटीबद्दल, "गॅप किती ठेवला होतास?" वर ३ मिलिमीटर होता. खाली मोजलाच नव्हता. पहिल्या टाक्यानं आकसून तो दीडवर आला असणार. अंगणातलं गेट आणि हा पाइप, चूक एकच होती.

मग त्यांनी तो उपाय सांगितला जो मी आता प्रत्येक नव्या पोराला दाखवतो. २.५ च्या रॉडचा लेप झाडून टाकायचा, आतली तार चिमट्यासारखी वाकवायची आणि दोन पाइपांच्या मध्ये अडकवायची. तार निघेपर्यंत गॅप अडीचच राहतो. चार बाजूंना चार टाके, प्रत्येक टाक्यानंतर पुन्हा मोजायचं. दुसऱ्या खेपेला जोडणीलाच माझा पाऊण तास गेला, शेजारच्यांचा रूट तोवर संपला होता. फिल्म स्वच्छ आली.

प्रमाणपत्र दर २ वर्षांनी नवं करावं लागतं. माझी पुढची परीक्षा येत्या मे महिन्यात आहे, तार आत्ताच वाकवून डब्यात टाकलीय.