रिसेप्शनमधल्या दारूचे पैसे कोणत्या पद्धतीने द्यावेत

गेल्या पंधरा वर्षांत नात्यातल्या आणि मित्रांच्या घरच्या कितीतरी रिसेप्शनचा बार मी सांभाळला आहे. आधी पुण्यात आणि नाशकात, आता बहुतेक वेळा गोव्यात. दर वेळी कोणीतरी हमखास सांगतं, "पॅकेज घेऊन टाका, डोक्याला ताप नको." पॅकेज म्हणजे माणशी ठरलेल्या दरात हवी तेवढी दारू. या एका सल्ल्यापायी लग्नघरांचे किती पैसे वाया गेले ते मी पाहिलंय, म्हणून हे सगळं लिहून काढतोय. दारू ठेवावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. ठेवायची ठरली असेल तर पुढे वाचा.

१. पैसे कोण देणार ते यादीच्या बैठकीतच ठरवा

मानपान, दागिने, हॉल सगळं यादीत येतं आणि दारूचा विषय काढायला मात्र दोन्हीकडचे संकोचतात. मग हॉटेलचं बिल येतं तेव्हा व्याही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. निम्मं-निम्मं, की ज्यांचं रिसेप्शन त्यांचं, काहीही ठरवा. पण रक्कम कुठपर्यंत जाऊ द्यायची तो आकडा यादीवर लिहा.

२. परवाना, तारीख, वय

हॉटेलकडे बारचा परवाना असला तरी तो कोणत्या जागेसाठी आहे ते विचारा. आतल्या हॉलपुरताच असेल तर बाहेरच्या लॉनवर दारू देता येत नाही. लॉन, मंगल कार्यालय किंवा फार्महाऊस असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना काढावा लागतो. तो कोणाच्या नावावर निघणार आणि त्याची फी कोण भरणार, हेही आधीच ठरवा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे हा विषयच सोडा. मुहूर्त २६ जानेवारी, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरला येत नाही ना ते बघा. जवळपास निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकानं आणि बार बंद असतात, गोव्यातसुद्धा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, बाकीच्या दारूसाठी २५. गोव्यात १८. नवरदेवाचे कॉलेजचे मित्र येणार असतील तर हे बारवाल्याला स्पष्ट सांगून ठेवा.

३. पाहुणे मोजू नका, पिणारे मोजा

आपल्याकडे दोनशे पाहुण्यांत पिणारे सत्तर-ऐंशीच असतात. दोन्हीकडचा एकेक माहीतगार माणूस बसवून यादीवर खुणा करा, तासाभरात आकडा हाती येतो. तीन तासांच्या कार्यक्रमाला मी पिणाऱ्या माणसामागे चार ग्लास धरतो: पहिल्या तासात दोन, मग तासाला एक. ऐंशी जणांचे ३२० होतात. त्यातले १६० व्हिस्कीचे लार्ज पेग म्हटले, तर ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे साडेबारा पेग बसतात, म्हणजे तेरा बाटल्या. शंभर बिअरचे ग्लास म्हणजे ६५० मिलीच्या पन्नास बाटल्या, एका बाटलीत दोन ग्लास. उरलेल्या साठ ग्लासांसाठी वाइनच्या बारा बाटल्या, एकीत पाच ग्लास. हा कागद हातात असल्याशिवाय हॉटेलशी भाव करायला बसू नका.

४. पद्धत निवडा

पाहुण्याने स्वतःचे पैसे देऊन प्यायचं, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. अक्षता टाकायला बोलावलेल्या माणसाला दारात पाकीट काढायला लावायचं नसतं. पैसे कमी असतील तर फक्त बिअर आणि वाइन ठेवा, बार दोनच तास चालवा, नाहीतर कोकम सरबत आणि पन्हं द्या. कोणालाही राग येणार नाही.

पाहुण्यांना ठरावीक ग्लासांची कुपनं वाटणं ऑफिसच्या पार्टीत ठीक. लग्नात काकू आणि आजी आपली कुपनं भाच्या-पुतण्यांना देतात, त्यामुळे सगळीच्या सगळी वापरली जातात आणि तुमचा अंदाज कोलमडतो.

माणशी दर लावून 'अनलिमिटेड' पॅकेज म्हणजे न पिणाऱ्या एकशेवीस जणांचेही पैसे भरणं. हॉटेल फक्त पिणाऱ्यांचा आकडा धरायला आणि त्यांच्या हाताला पट्टी बांधायला लेखी तयार असेल, तरच त्याचा विचार करा. तासही बघा. उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, हा २००० सालापासूनचा नियम आहे. गाणी थांबली की लॉनवरची गर्दी जेवणाकडे वळते. सातला सुरू होणाऱ्या कार्यक्रमाला पाच तासांचं पॅकेज कशासाठी घ्यायचं?

आपली दारू नेऊन हॉटेलला कॉर्केज (बाहेरची दारू आणू दिल्याबद्दलचं शुल्क) द्यायचं, हे महाग व्हिस्कीला परवडतं आणि बिअरला परवडत नाही. समजा बाटली दुकानात १,५०० रुपयांना मिळाली आणि कॉर्केज ८०० असलं, तर २,३०० पडतात. तीच बाटली हॉटेलने ४०० रुपये पेगने लावली की ५,००० होतात. पण शंभर-सव्वाशेच्या बिअरवर बाटलीमागे दीडशे कॉर्केज दिलं तर काय राहिलं? म्हणून कॉर्केज बाटलीवर, खोक्यावर की माणशी, हे विचारा. आपली दारू न्यायची असेल तर त्या दिवसाचा परवाना आणि खरेदीची पावती जागेवर हवीच. आणि पुण्या-कोल्हापूरच्या रिसेप्शनसाठी गोव्यातून गाडी भरून आणायचा विचार कोणी सुचवला तर त्याला तिथेच थांबवा. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातला माणूस तिथे अडकलेला कोणालाच नको असतो.

माझं मत ठाम आहे: पैसे यजमानाने द्यायचे, दारू हॉटेलच्या साठ्यातलीच घ्यायची, दर बाटलीचा ठरवायचा आणि वर एक मर्यादा घालायची. पेगचा दर नको. मात्र ही पद्धत पुढची पायरी नीट केली तरच स्वस्त पडते.

५. उघडणाऱ्या बाटलीवर आपला माणूस

भाचीचं रिसेप्शन गोव्यातल्या एका हॉटेलात होतं. बाटलीचा दर घासाघीस करून ठरवला होता, माझा अंदाज पंधरा बाटल्यांचा होता. रात्री एक वाजता बिल आलं एकतीस बाटल्यांचं. मी बारवर गेलो तर अकरा बाटल्या निम्म्याहून जास्त भरलेल्या. काउंटर दोन, व्हिस्कीचे ब्रँड पाच, आणि कोणीही नाव घेतलं की पोरगा नवीन बाटलीचं सील तोडत होता. रिकाम्या म्हणून दाखवलेल्या काही बाटल्यांचा ब्रँड तर आमच्या यादीतच नव्हता. करारात फक्त 'बाटलीप्रमाणे' एवढाच शब्द होता. माझे मेहुणे दिवसभर उभे राहून थकले होते, मुलीची पाठवणी व्हायची होती, त्यांनी सही केली. ती सही करतानाचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्या रात्रीनंतर पुढच्या गोष्टी झाल्याशिवाय मी कुठलाच बार सुरू होऊ दिलेला नाही.

ब्रँड कमी ठेवा. एक नेहमीची व्हिस्की, एक वरची, एक व्होडका, एक रम, बस. गोव्यात असाल तर एक चांगली काजू फेणी. ब्रँडची संख्या गुणिले काउंटरची संख्या, एवढ्या बाटल्या शेवटी अर्धवट उघड्या राहणार, हे गृहीतच धरा. पाच ब्रँड आणि दोन काउंटर म्हणजे दहा बाटल्या. आमच्याकडे अकरा निघाल्या.

बार सुरू होण्याआधी सीलबंद बाटल्या मोजा, रांगेत लावून फोटो काढा आणि बार कॅप्टनची, म्हणजे बारवरच्या मुख्य माणसाची, सही घ्या. प्रत्येक लेबलवर मार्करने आपली खूण करा. खूण नसलेली रिकामी बाटली आपली नाही, एवढं सांगितलं की दुसऱ्या हॉलमधल्या रिकाम्या बाटल्या आपल्या खात्यात येत नाहीत. मध्ये नवा साठा आला तर त्यालाही हेच.

सील तोडायचं ते आपल्या माणसाच्या चिठ्ठीवरच. दर काउंटरला एक माणूस, न पिणारा आणि नाही म्हणू शकणारा. नवरीचा बाप, नवरदेवाचा भाऊ यांना हे काम कधीच देऊ नका, त्यांना सगळे मिठ्या मारायला येत असतात. त्या माणसाला आधी जेवू घाला, तीन तास त्याला तिथून हलता येत नाही. पहिली बाटली संपल्याशिवाय त्याच ब्रँडची दुसरी उघडायची नाही. पेग मापाने भरायचा, बाटलीतून थेट ग्लासात ओतायचं नाही.

बिलाचा आकडा रिकाम्या बाटल्यांवरून काढू देऊ नका. सुरुवातीच्या सीलबंद आणि मध्ये आलेल्या यांच्या बेरजेतून शेवटी उरलेल्या सीलबंद वजा करा. रिकाम्या फक्त ताळा बघायला.

शेवटच्या अर्ध्या तासात दुसरा काउंटर बंद करा आणि त्याच्या उघड्या बाटल्या पहिल्यावर आणा. तरीही चार-पाच अर्धवट राहतातच. हॉटेलच्या साठ्यातली उघडी बाटली बाहेर नेऊ देत नाहीत, त्यांचा परवाना तिथेच बसून पिण्यापुरता असतो. म्हणून शेवटच्या उघड्या बाटल्या जेवढे पेग गेले तेवढ्याच्याच लावायच्या, हे वाक्य करारात आधी लिहून घ्या. हॉटेलवाले तोंडी लगेच हो म्हणतात. तोंडी होकार घेऊन उठू नका, मी एकदा उठलो होतो.

मर्यादेचं असं: ठरलेल्या रकमेच्या ऐंशी टक्क्यांवर बिल पोचलं की कॅप्टनने तुमच्या चिठ्ठीवाल्याला सांगायचं. पुढे काय करायचं तेही घरातून ठरवून निघा. आम्ही त्या क्षणी वरची व्हिस्की बंद करतो, बिअर चालू ठेवतो आणि जेवणाची हाक देतो.

६. बिल

दारू आणि जेवण वेगवेगळ्या बिलात मागा. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. जेवणावर, सोड्यावर आणि कॉर्केजवर जीएसटी लागतो. एकत्र रक्कम लिहिली की कशावर काय लावलं ते कळत नाही. सोडा, शीतपेयं आणि बर्फाचा दर आधी विचारा, बाटलीत सूट देणारे इथे वसूल करतात. सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना तशाच आहेत. ते काढायला लावा आणि त्याऐवजी बारवरच्या पोरांच्या हातात स्वतः बक्षिसी द्या.

७. दुसऱ्या दिवशी

दुकानातून आणलेल्या बाटल्या उरल्या असतील तर सील न तुटलेल्या परत घ्यायचं दुकानदाराशी खरेदीच्या वेळीच बोलून ठेवलेलं असावं. बर्फात ठेवलेल्या बिअरची लेबलं भिजून सुटतात आणि ती कोणी परत घेत नाही. म्हणून एकदम सगळी खोकी टबात रिकामी करू नका, दर तासाला लागेल तेवढीच काढा.