बायबलवाचन खंडलंय? तारखेचा अध्याय उघडा

वाचन खंडलं की आपण पुन्हा उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करतो आणि बहुधा लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या यज्ञविधींत अडकतो. त्यापेक्षा बायबलमधलंच नीतिसूत्रे हे पुस्तक घ्या. त्यात अध्याय ३१, महिन्याचे दिवसही फार तर ३१. आज १७ तारीख असेल तर १७वा अध्याय. खूण ठेवायला नको. चुकलेला दिवस मात्र भरून काढायचा नाही. थकबाकी साचली की पुस्तक उघडवतच नाही. वेगळी वेळ शोधत बसू नका, सकाळच्या चहाला जोडून घ्या. छापील प्रत बरी, मोबाइलवर मध्येच व्हॉट्सॲप डोकावतं. अध्याय जड गेला तर एकच वचन वहीत उतरवा. महिन्यानंतर मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कथा: १६च अध्याय, आणि कथा भरभर पुढे सरकते.