1450 म्हणजे साडेचौदा रुपये: एआय एजंटसाठी पेमेंटचं डॉक्युमेंटेशन लिहिताना

बेळगावच्या शहापुरात माझ्या मामांचं साड्यांचं दुकान आहे. त्यांच्यासाठी मी एक छोटं ऑनलाइन दुकान उभं केलं आणि चेकआउटला रेझरपे ही पेमेंट सेवा जोडली. त्याच सुमारास पेमेंट एपीआयचं (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून पेमेंटची कामं करून घेण्याच्या सोयीचं) डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापराची माहिती देणारी पानं, लिहिण्याचं काम मला मिळालं. तेव्हा वाचक बदलत होता. डेव्हलपर स्वतः पानं वाचायचं सोडून ती आपल्या एजंटपुढे, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः करणाऱ्या एआय प्रोग्रामपुढे, टाकत होते. म्हणून लिहिलेलं पान आधी मामांच्या दुकानावर, टेस्ट मोडमध्ये (खरे पैसे न फिरवता), एजंटकडूनच चालवून बघायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी 1450 रुपयांच्या साडीची ऑर्डर साडेचौदा रुपयांची झाली.

चूक माझी होती. रेझरपेत रक्कम पैशांत द्यावी लागते, 1450 रुपयांसाठी 145000. हे मी लिहिलं होतं, पण पानाच्या सुरुवातीच्या टिपेत. 'रक्कम' या फील्डच्या वर्णनात नुसतं 'ऑर्डरची रक्कम' एवढंच होतं. एजंटच्या हाती बऱ्याचदा पानाचा एक तुकडा येतो आणि वरची टीप त्या तुकड्यात नसते. त्यामुळे 'वर सांगितल्याप्रमाणे' हे शब्द मी तेव्हापासून लिहीत नाही. जे चुकलं की पैसे चुकतात ते त्या फील्डपाशीच, उदाहरणासकट लिहायचं. दहा पानांवर तेच लिहावं लागलं तरी चालेल. आणि 'शंभराने गुणा' असंही लिहू नका. जपानी येनला शंभराने गुणायचं नसतं. 'चलनाच्या सर्वांत लहान एककात' असं लिहा आणि शेजारी आकडा द्या.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, मराठी शाळेत शिकलेली. सरकारी कागद कन्नडमध्ये यायचे. शेजारच्या आज्जी उतारा किंवा अर्ज घेऊन आल्या की मी वाचून दाखवायची. कुठं काय लिहायचं हे सांगून त्यांचं समाधान व्हायचं नाही. 'कुठं काय लिहायचं नाही ते आधी सांग की गं,' म्हणायच्या. चुकीच्या रकान्यात सही झाली की पुन्हा बेळगावला हेलपाटा, हे त्यांना माहीत होतं. पेमेंटच्या पानांमध्ये नेमका हाच भाग कमी सापडतो. कुठे थांबायचं, कशाला हात लावायचा नाही, ते कुणी लिहीत नाही.

भारतात बहुतेक ऑनलाइन पेमेंटला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ग्राहकाची जादा पडताळणी लागते, जसं ओटीपी किंवा यूपीआय पिन. माझ्या पानावर आता स्पष्ट लिहिलेलं असतं: इथे थांब, ग्राहकाची वाट बघ, ओटीपी चॅटमध्ये मागू नकोस. सीक्रेट की, म्हणजे दुकानाच्या रेझरपे खात्याची गुप्त किल्ली, एजंटच्या संभाषणात कधीही द्यायची नाही, हेही तिथेच. ऑक्टोबर 2025 मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय, रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीतून यूपीआयने खरेदी करण्याचा प्रायोगिक उपक्रम जाहीर केला. त्यानंतर माणसाची संमती कोणत्या क्षणी घ्यायची हा प्रश्न आमच्या कामाच्या मध्यभागी आला आहे.

एजंट अडला की पुन्हा प्रयत्न करतो. सर्व्हरकडून उत्तर यायला उशीर झाला तर तोच व्यवहार दुसऱ्यांदा पाठवतो. म्हणून आयडेम्पोटन्सी कीचा, म्हणजे तोच व्यवहार दोनदा होऊ नये म्हणून त्याला जोडलेल्या खुणेचा, नियम लिहा: पुन्हा पाठवताना तीच की वापर, नवी बनवू नकोस. एररची नुसती यादी पुरत नाही. प्रत्येक एररपुढे पुन्हा पाठवायचं, माहिती दुरुस्त करायची, की थांबून माणसाला विचारायचं, यांपैकी एक काहीतरी असलंच पाहिजे.

मामांना यातलं काही नको असतं. 'पैसे आलेत की नाही, तेवढं सांग की गं.' ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर ते साडी देत नाहीत, खात्यात रक्कम दिसली तरच देतात. त्यांचा हा नियम मी जसाच्या तसा पानावर उतरवला. ब्राउझरमध्ये 'यशस्वी' दिसलं म्हणजे पेमेंट झालं असं धरायचं नाही. ऑर्डर आयडी आणि पेमेंट आयडी यांवरून सर्व्हरवर रेझरपेने पाठवलेली डिजिटल सही तपासायची, स्थिती 'कॅप्चर्ड' आहे का बघायचं, मगच माल पाठवायचा. 'ऑथोराइज्ड' आणि 'कॅप्चर्ड' यांतला फरक मात्र वेगळा समजावून सांगा. पहिल्यात रक्कम फक्त राखून ठेवलेली असते आणि वेळेत कॅप्चर केली नाही तर ती ग्राहकाकडे परत जाते.

डॉक्युमेंटेशनमधले स्क्रीनशॉट एजंटच्या फारसे कामाचे नसतात, टॅबखाली लपवलेला मजकूर त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. साधं मार्कडाउन पान (मोजक्या खुणा असलेला साधा मजकूर) द्या. सप्टेंबर 2024 मध्ये एआय संशोधक जेरेमी हॉवर्ड यांनी एलएलएमएस डॉट टीएक्सटी (llms.txt) ही फाइल सुचवली, एआय मॉडेलसाठी साइटवरची महत्त्वाची पानं एका ठिकाणी नोंदवणारी. ती बनवायला फार वेळ लागत नाही. एमसीपी सर्व्हर (एजंटला वापरायला टूल, म्हणजे तयार क्रिया, पुरवणारा प्रोग्राम) असेल तर जास्त वेळ टूलच्या वर्णनावर घालवा. 'ऑर्डर तयार करा' आणि 'पेमेंट लिंक तयार करा' यांपैकी कोणतं टूल घ्यायचं हे मॉडेल त्या दोन-तीन ओळींवरूनच ठरवतं.

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडून मराठी माध्यमातली मुलं मला विचारतात, इंग्रजी कच्चं आहे, जमेल का? जमेल. या कामात लांब, नटवलेली वाक्यं नकोतच. एका वाक्यात एक क्रिया, कर्ता स्पष्ट, 'ते' म्हणजे नेमकं काय हे उघड. तुम्ही भीतीपोटी जी छोटी वाक्यं लिहिता, तीच इथे लागतात. गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि ओपनएपीआय (एपीआयचं वर्णन लिहायची ठरावीक पद्धत) एवढं मात्र मनापासून शिका.

सुरुवातीला रिफंड हे एकच काम घ्या. टेस्ट मोडमध्ये स्वतः करून बघा, त्यावर एक पान लिहा. मग नवीन सत्र उघडून एजंटला फक्त ते पान द्या आणि सांगा, या ऑर्डरपैकी अर्धी रक्कम परत कर. तो कुठे अडखळला ते वहीत लिहा, त्या जागचं एकच वाक्य बदला आणि पुन्हा नव्या सत्रात चालवा. एकदा जमलं म्हणून थांबू नका. तोच एजंट तेच पान वाचून पुढच्या खेपेला वेगळं वागू शकतो, म्हणून मी प्रत्येक पान निदान पाच वेळा चालवते.