पांढरा की मलईचा? क्षारातलं हॅलाइड ओळखताना

क्षारात कोणतं हॅलाइड (क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड की फ्लुओराइड) आहे, ते असं ओळखायचं. चिमूटभर, म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम क्षार परीक्षानळीत ३ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. नळाचं पाणी चालणार नाही, त्यात क्लोराइड असतंच. मग विरल नायट्रिक आम्लाचे ८-१० थेंब टाका. बुडबुडे आले तर ते थांबेपर्यंत आम्ल घालत राहा; कार्बोनेट उरलं तर पुढे सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर सिल्व्हर कार्बोनेटचा अवक्षेप (न विरघळणारा गाळ) फसवतो. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र नको, त्यातून क्लोराइड आपणच ओतू.

आता ०.१ मोलार तीव्रतेच्या सिल्व्हर नायट्रेटचे ५ थेंब. क्लोराइडचा अवक्षेप पांढरा, फाटलेल्या दुधासारखा, ब्रोमाइडचा मलईच्या रंगाचा, आयोडाइडचा पिवळा. फ्लुओराइडचा अवक्षेप येतच नाही, सिल्व्हर फ्लुओराइड पाण्यात विरघळतं.

गोची होते ती पांढरा आणि मलई यांत. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात, शिवाय क्लोराइडचा अवक्षेप उजेडात जांभळट-करडा पडत जातो. त्यामुळे निकाल अमोनियाने लावायचा. अवक्षेप तळाशी बसला की वरचं पाणी निथळून टाका आणि २ मोलार अमोनिया १ मिली घालून हलवा. क्लोराइड लगेच विरघळून नळी स्वच्छ होते, ब्रोमाइड गढूळच राहतं, आयोडाइड जसंच्या तसं. पाणी निथळलं नाही तर अमोनियाचे पहिले थेंब उरलेलं आम्लच खातं आणि क्लोराइडची नोंद ब्रोमाइड म्हणून होते. उलट अमोनिया भरपूर ओतला, तर ब्रोमाइडही बरंचसं विरघळतं.

शंका उरलीच तर मूळ द्रावण नव्याने घेऊन आम्लयुक्त करा, १ मिली क्लोरोफॉर्म टाका आणि क्लोरीन वॉटर (पाण्यात विरघळवलेला क्लोरीन वायू) थेंब थेंब घालून हलवत राहा. खालचा क्लोरोफॉर्मचा थर नारिंगी-तपकिरी झाला तर ब्रोमाइड, जांभळा झाला तर आयोडाइड. घाईने जास्त क्लोरीन वॉटर पडलं की आयोडीनचं आयोडेट होऊन जांभळा रंग उडतो. तो उडून नारिंगी उमटला, तर दोन्ही आहेत.

आयोडीनयुक्त मिठात आयोडाइड शोधायला जाल तर हाती क्लोराइडच लागेल: आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, तेही अगदी नाममात्र.

अमोनिया घातलेलं चांदीचं द्रावण साठवून ठेवू नका, सुकल्यावर त्याचा स्फोट होऊ शकतो. लगेच विरल नायट्रिक आम्ल घाला (क्लोराइडचा पांढरा अवक्षेप इथे परत येतो) आणि मग चांदीच्या कचऱ्याच्या बाटलीत टाका.